नखं चुगली करतात, पण तारीख सांगत नाहीत

दारू प्यायलेल्याला पकडायचं म्हटलं की आपल्याला ट्रॅफिक पोलिसाचं ते फुंकर मारायचं मशीनच आठवतं. पण त्यात फक्त आत्ता अंगात किती आहे तेवढंच कळतं, रात्र झोपून काढली की दुसऱ्या दिवशी तळीराम धुतल्या तांदळासारखा! अमेरिकेत मात्र कोर्टं आणि नर्सचं लायसन्स देणारी नर्सिंग बोर्डं चक्क नखं मागतात हे मला माहितीच नव्हतं, माझ्या एका मैत्रिणीची मुलीच्या कस्टडीची केस सुरू झाली तेव्हा कळलं. ती मूळची साताऱ्याची, इलिनॉयमध्ये नर्स आहे, नवऱ्याच्या वकिलाने लिहून दिलं की बाई पितात, झालं, नखांची टेस्ट.

तर भानगड अशी आहे. आपण पितो त्यातलं जवळपास सगळं इथेनॉल, म्हणजे दारूतलं अल्कोहोल, लिव्हर जाळून टाकतं, पण अगदी किंचित भागाचं, म्हणजे 0.1 टक्क्याहूनही कमी, इथाइल ग्लुकुरोनाइड होतं, ज्याला सगळे ईटीजीच म्हणतात. लघवीत हे फार तर 3-4 दिवस सापडतं. पण रक्तातून ते नखाच्या मुळाशी जातं आणि नख तयार होतानाच त्या केराटिनमध्ये, म्हणजे नख ज्याचं बनतं त्या प्रथिनात, अडकून बसतं, वरून धुवून निघत नाही. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, त्यामुळे लॅबवाले सांगतात की मागच्या 3 महिन्यांपर्यंतचं पिणं यात दिसतं. केसांतही दिसतं म्हणा, पण केस ब्लीच केले, डाय केले की ईटीजी कमी होतं, आणि तिरुपतीला जाऊन आलेल्या माणसाचं काय घ्यायचं?

सॅम्पल द्यायला मी तिच्यासोबत गेले होते. आधी जेल पॉलिश पूर्ण काढायला लावलं, मग दहाही बोटांची 2-3 मिलिमीटर नखं कापली, सगळी मिळून 100 मिलिग्रॅम भरायला हवीत म्हणे. आता नर्सची नखं ती केवढी असणार, हॉस्पिटलमध्ये वाढवू देत नाहीत, त्यामुळे हिने मुद्दाम थोडी राखली होती. अपॉइंटमेंट ड्युटी संपल्यावरची, आणि तिची आई भारतातून आलेली, ती निघताना दारातच म्हणाली, "तिन्हीसांजेला नखं कापतात का गं?" त्या टेन्शनमध्येही आम्ही दोघी हसलो.

हिला धास्ती होती सॅनिटायझरची, दिवसभर हाताला तेच. त्यात थोडं तथ्य आहे. लघवीची ईटीजी टेस्ट इतकी सेन्सिटिव्ह आहे की सॅनिटायझर, माउथवॉश यांनीही आकडा हलू शकतो, म्हणून 2006 मध्ये अमेरिकेच्या साम्सा या सरकारी संस्थेनेच बजावलं होतं की नुसत्या त्या एका टेस्टवर कुणाला दोषी धरू नका. नखात जरा बरं, कारण ईटीजी शरीरात तयार व्हावं लागतं, नखाला बाहेरून स्पिरिट लागलं म्हणून ते होत नाही.

मला खटकतं ते वेगळंच. लॅब नखात एका मिलिग्रॅममागे किती पिकोग्रॅम ईटीजी आहे ते मोजते, पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग, मशीन भारीच आहे त्यात वादच नाही. पण केसांसाठी निदान तज्ज्ञांनी ठरवलेली रेघ आहे, मिलिग्रॅममागे 30 पिकोग्रॅमच्या वर गेलं तर सतत आणि भरपूर पिणं धरतात. नखांसाठी असा सर्वमान्य आकडा नाही, आणि एकाच माणसाच्या केसांपेक्षा नखांत ईटीजी जास्त सापडतं असं अभ्यासात दिसलंय, म्हणजे केसांचा आकडा उचलून नखांना लावला तर चार घोट पिणारा माणूसही बेवडा ठरायचा. शिवाय ईटीजी फक्त मुळातूनच नाही, नखाच्या खालच्या बाजूनेही आत शिरतं, त्यामुळे "टोकाचा मिलिमीटर म्हणजे दसरा, त्याच्या मागचा म्हणजे दिवाळी" असं काही वाचता येत नाही. कुठल्या रात्री प्यायली, पोरगी तेव्हा घरात होती का, ड्युटीवर होती का, यातलं काहीही नखाला विचारू नये. आणि समोरचा वकील नेमकं तेच विचारत होता!

हिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. तरी तिच्या वकिलाने सोबत रक्ताची पेथ टेस्टही करून घेतली, ती दारूमुळे रक्तात तयार होणारा दुसरा एक पदार्थ मोजते आणि मागच्या 2-4 आठवड्यांचं दाखवते, म्हणजे नजीकचं आणि जुनं दोन्ही कागदावर. कुणावर अशी वेळ आलीच तर दोन्ही मागून घ्या, आणि जेल पॉलिश आदल्या दिवशीच काढा, तिथे बसून खरवडायला फार वेळ जातो.