हानले, एनजीसी ७३३१ आणि फ्लॅटचं दुखणं

लेहमधला मुक्काम विरळ हवेची सवय होण्यात गेला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. पुढे उपशी, चुमाथांग, माहे, न्योमा, लोमा असं करत अडीचशेहून जास्त किलोमीटरवर लडाखमधलं हानले. तिथल्या काळ्या आकाशात एनजीसी ७३३१ या दीर्घिकेचा फोटो काढायचा होता. परवाना आधीच काढून ठेवावा.

बहुतेक पाहुणे दुसऱ्या दिवशी उमलिंग ला ही खिंड गाठायला आलेले असतात. त्यांना रात्री गरम थुक्पा आणि हीटर हवा, आपल्याला अंगणातला दिवा बंद हवा. डिसेंबर २०२२ मध्ये हा परिसर डार्क स्काय रिझर्व्ह (अंधाऱ्या आकाशाचं राखीव क्षेत्र) म्हणून जाहीर झाला. गावकरी नियम मनापासून पाळतात, खिडक्यांना जाड पडदे लावतात. पाळत नाहीत ते आपल्यासारखे बाहेरून आलेले. साडेनऊच्या सुमाराला एक गाडी अप्पर लावून थेट अंगणात शिरली आणि पाच मिनिटांची फ्रेम (एक सलग फोटो) गेली. उपग्रहाची रेघ स्टॅकिंगमध्ये, म्हणजे अनेक फ्रेम एकावर एक रचताना, सिग्मा क्लिपिंग (इतर फ्रेमपेक्षा वेगळे पडणारे पिक्सेल वगळणं) पुसून टाकतं, पण पांढऱ्या भिंतीवरून उसळलेला उजेड अख्ख्या फ्रेमवर पसरतो. ती फ्रेम फेकूनच द्यावी लागते.

ऑक्टोबरातल्या अमावस्येला इथे एनजीसी ७३३१ सोयीची पडते. महाश्व तारकासमूहात, भाद्रपदेच्या चौकोनाच्या वायव्येला ही दीर्घिका आहे, आणि अर्ध्या अंशावर स्टीफनचं पंचक, पाच दीर्घिकांचा पुंजका. पंचकातली एनजीसी ७३२० आपल्यापासून सुमारे चार कोटी प्रकाशवर्षांवर, बाकीच्या चार जवळजवळ एकोणतीस कोटींवर. दिसतात मात्र एकमेकींना खेटून. ८० मिमीची एफ/६ दुर्बीण आणि ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा एपीएस-सी कॅमेरा असला की पिक्सेलमागे १.६ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) पडतात आणि दोन्ही विषय आरामात एका चौकटीत बसतात.

अंधाराचा हिशोब असा. पुण्या-मुंबईतलं आकाश चौरस विकलेमागे १८ मॅग्निट्यूडच्या (तेजाची प्रत; आकडा मोठा तितकं आकाश काळं) आसपास, हानलेचं २२ च्या जवळ. चार मॅग्निट्यूड म्हणजे चाळीस पट. चित्रातला गोंगाट (दाणेदारपणा) आकाशामुळेच येत असेल तर इथल्या एका तासाची बरोबरी करायला शहरात चाळीस तास लागतील. पण आकाश काळं असलं की सेन्सरचा रीड नॉइज (दर फ्रेम वाचताना येणारा त्याचा स्वतःचा गोंगाट) उघडा पडतो. शहरात ३० सेकंदांच्या फ्रेम भागतात, कारण आकाशच त्याला बुडवून टाकतं. इथे ३०० सेकंद द्यावे लागतात. गेन (सिग्नल वाढवण्याची पातळी) १००, सेन्सर उणे दहा अंशांवर, दर दोन फ्रेमनंतर डिदरिंग (दुर्बीण किंचित सरकवणं). हवेचंच तापमान शून्याखाली गेलेलं असतं, त्यामुळे कॅमेऱ्याच्या कूलरला फारसं काम नसतं. फोकस मात्र दीड-दोन अंश उतरले की पुन्हा बाहटिनोव्ह मास्क (फोकस जुळवायची खाचांची जाळी) लावून तपासायचा.

विजेचं आधी ठरवून निघावं. १६० वॅट-तासांवरची लिथियम बॅटरी विमानात नेता येत नाही. मोठी लोहफॉस्फेट बॅटरी न्यायची तर रस्त्याने, आणि तीही शून्याखाली चार्ज करायची नाही. वापरायला हरकत नाही, चार्जिंग घरात उबेत. नाहीतर होमस्टेच्या विजेवर भिस्त, आणि ती कधी जाईल याचा नेम नाही. प्रतिवजनं वाहणं टाळायला हार्मोनिक माउंट (दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणारा आधार) बरा. त्याचं गायडिंग (एका ताऱ्यावर नजर ठेवून चूक सुधारत राहणं) एका सेकंदाच्या एक्स्पोजरवर ठेवायचं. नेहमीच्या माउंटसारखे तीन-चार सेकंद दिले की तारे लांबट होतात.

एक धोका खास याच विषयाचा. हानले ३२.८ अंश अक्षांशावर, दीर्घिकेची क्रांती (आकाशातला अक्षांश) ३४.४. सव्वानऊच्या सुमाराला ती जवळजवळ डोक्यावर येते, आणि नेमकं तेव्हाच कॅमेऱ्याचं बूड ट्रायपॉडच्या पायाला आपटू शकतं. माउंटखाली एक्स्टेन्शन लावावं आणि मेरिडियन फ्लिप (दीर्घिका मध्यरेषा ओलांडते तेव्हा माउंट दुर्बीण दुसऱ्या बाजूला वळवतो तो) होताना शेजारी उभं राहावं, कितीही थंडी असली तरी.

शेजारच्या खोलीतल्या सोलापूरच्या काकूंनी लॅपटॉपमध्ये डोकावून विचारलं, "अहो, हे तर काळंच दिसतंय. एवढा वेळ हेच चाललंय?" एका फ्रेममध्ये दीर्घिकेचा गाभा आणि तारे, बाकी खरोखरच काळं. ऑटोस्ट्रेच (अंधूक भाग उजळवणारं बटण) दाबल्यावर काकूंना चकती दिसली, मला कोपऱ्यातला धुळीचा गोल डाग.

इथूनच खरं दुखणं सुरू होतं. दीर्घिकेचा बाहेरचा प्रभामंडल २७ मॅग्निट्यूडच्या घरात असतो, म्हणजे हानलेच्या आकाशाच्याही एक शतांश. पुण्यात तोच चार हजारांत एक भाग. दुर्बिणीच्या कडांना उजेड सहज १५ टक्क्यांनी कमी पडतो. तो फ्लॅटने (एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या फोटोने) भरून काढताना एका टक्क्याची चूक झाली, की ती चूक आणि प्रभामंडल सारख्याच उजेडाचे. मग चित्रात जे दिसतं ते आकाशातलं की आपल्याच काचेवरचं? हानलेची बारीक धूळ रात्रभरात जागा बदलते, म्हणून घरून आणलेले फ्लॅट इथे कुचकामी. पहाटे कॅमेरा न फिरवता, फोकसला हात न लावता, नळीच्या तोंडावर पांढरा सुती कपडा दुहेरी ताणून सूर्योदयाआधीच्या आकाशाकडे रोखायचा. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) पंचवीस ते तीस हजारांवर ठेवून पंचवीस फ्रेम, आणि लगेच झाकण लावून तेवढ्याच एक्स्पोजरचे डार्क-फ्लॅट. बोटं बधिर होतात, पण याला पर्याय नाही. मूळ फ्रेमसाठीचे साधे डार्क (झाकण लावून घेतलेल्या फ्रेम) घरी परतल्यावर घेतले तरी चालतात. तापमान, गेन, वेळ तेच हवं.

सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये कॅलिब्रेशन (डार्क-फ्लॅट लावणं), रजिस्ट्रेशन (ताऱ्यांवरून जुळवणं), विन्सराइज्ड क्लिपिंगने (सिग्मा क्लिपिंगचाच एक प्रकार) स्टॅक, इथपर्यंत सगळं सरळ आहे. पार्श्वभूमीचा उजेड वजा करताना हात आखडता घ्यावा. शहरातल्या सवयीने शंभर नमुनाबिंदू पेरले की त्यातली काही प्रभामंडलावर पडतात आणि सॉफ्टवेअर त्यालाच प्रदूषण समजून पुसून टाकतं. इथे पहिल्या घाताची बहुपदी पुरते, तीही दीर्घिकेपासून दूरची मोजकी बिंदू घेऊन. ती लागतेच, कारण वातावरणाची स्वतःची हिरवी-तांबूस झळाळी रात्रभर सरकत असते. काळ्या आकाशात ग्रेडियंट (एका कडेकडून दुसरीकडे बदलणारा उजेड) नसतो, हे ऐकीव ज्ञान आहे.

महाश्वाच्या या भागात आपल्याच आकाशगंगेच्या धुळीचे फिके ढगही येतात. ते खरे की फ्लॅटची शिल्लक, हे तपासायला फ्लिप कामाला येतो. फ्लिपनंतर सेन्सर ताऱ्यांच्या तुलनेत १८० अंश फिरलेला असतो. म्हणून आधीच्या आणि नंतरच्या फ्रेमचे दोन वेगळे स्टॅक करायचे आणि ताऱ्यांवरून जुळवून आलटून पालटून बघायचे. खरा ढग ताऱ्यांसोबत जागच्या जागी राहतो, काचेवरचा डाग चौकटीच्या समोरच्या कोपऱ्यात उडी मारतो. पंचकाच्या दक्षिणेचा पट्टा दोन्हीकडे जुळला, तो ठेवला. वरच्या डावीकडचा देखणा तांबूस झोत उडी मारून खाली उजवीकडे गेला. चौकट तिथे कापून टाकली.