पानावर आधी कोण?

"फोटो ढीगभर आहेत आणि अल्बमची पानं मोजकी. सगळे बसवायचे कसे?" बडोद्यात कुणाकडे सहस्रचंद्रदर्शन किंवा लग्नाचा पन्नासावा वाढदिवस जवळ आला की मला हा प्रश्न हमखास विचारला जातो. दांडिया बाजारातल्या, रावपुऱ्यातल्या घरांतून बुटांच्या खोक्यांत आणि साड्यांच्या पिशव्यांत भरून फोटो येतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

सगळे बसवायचेच नाहीत. पानाचा एक फोटो मुख्य; तो ठरला की बाकीचे त्याच्या आधाराला. कमाटीबागेतले एकाच दिवसाचे सहा फोटो असतील तर सगळ्यांत स्वच्छ आलेला निवडू नका, ज्याच्यावर नजर पुन्हा पुन्हा जाते तो निवडा. तो पाच बाय सातचा ठेवा आणि सोबत दोन छोटे. उरलेले पाकिटात घालून त्याच पानामागे ठेवता येतात. बारा बाय बारा इंचाच्या पानावर सहा सारख्या आकाराचे फोटो लावले की बघणारा एकाही फोटोवर थांबत नाही, हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे.

आपल्या गावातच याचा उत्तम धडा आहे. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा एकदा या नजरेनं बघून या. एकोणिसाव्या शतकातली ती भित्तिचित्रं माणसांनी गच्च भरलेली आहेत, तरी प्रसंग चौकटींत वेगवेगळे केल्यामुळे गोंधळ होत नाही. पानावर हे काम मोकळी जागा करते. दोन फोटोंमधलं अंतर सगळीकडे सारखं, साधारण पाव इंच, आणि कडेचा समास त्याहून बराच मोठा. खालचा समास वरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवा. नजरेला पानाचा मध्य खऱ्या मध्यापेक्षा थोडा वर भासतो, त्यामुळे मोजून मधोमध लावलेला फोटो खाली घसरल्यासारखा दिसतो.

मग चेहरे कुठे बघतात ते पाहा. डावीकडे बघणारा माणूस पानाच्या उजव्या भागात बसवा, म्हणजे त्याची नजर आत वळते. उलटं केलंत तर तो पानाबाहेर बघतो आणि त्याच्यामागे आपणही. समोरासमोरची दोन पानं एकच समजा, पण दुमडीवर कुणाचा चेहरा येऊ देऊ नका.

आपल्या घरांतला खरा पेच ग्रुप फोटोचा. वडीलधारी खुर्च्यांवर, सुना मागे उभ्या, मुलं सतरंजीवर, चेहरे हरभऱ्याएवढे. असा फोटो पानाच्या वरच्या भागात पूर्ण रुंदीनं लावा. ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केलेला फोटो ३०० डीपीआयनं छापला की दुप्पट मोठा होतो. त्यातून दोन-तीन चेहरे काढून खाली ओळीत मांडा, डोक्यांचा आकार सारखा ठेवून. खुर्चीवरच्या आजोबांचा चेहरा बाकीच्या फोटोंतही असतोच. मागे कडेला उभी असलेली काकू मात्र अनेकदा त्या एकाच फोटोत असते. मी आधी तिचा चेहरा मोठा करते.

मूळ फोटोला कात्री अजिबात लावू नका. कापायची ती प्रत. मागचा दरवाजा, उभी स्कूटर, दुकानाची पाटी यांवरूनच पुढे कुणीतरी साल ओळखणार आहे. चिकट पानांचे अल्बमही टाळा; त्यांचा गोंद पिवळा पडतो आणि फोटो निघता निघत नाही. काळ्या जाड पानांच्या जुन्या अल्बममध्ये कागदी कोपऱ्यांत फोटो अडकवत, मध्ये बटरपेपर असे. ती पद्धत आजही सर्वांत चांगली. फक्त पानं आणि कोपरे आम्लरहित कागदाचे घ्या.

मजकुराची जागा फोटो मांडतानाच राखा, नंतर ती मिळत नाही. "आजी, बागेत" एवढंच लिहू नका. कुणाची आजी? दोन पिढ्यांनंतर ते कुणालाच कळणार नाही. पूर्ण नाव, गाव, साल, आणि बायकांची माहेरची नावंसुद्धा. जुन्या अल्बममध्ये नुसतं "सौ. वहिनी" लिहिलेलं दिसलं की मला फार वाईट वाटतं, लग्नात बहुतेकींचं नावही बदललेलं असे, त्यामुळे आता शोधायचं कुठून? फोटोच्या पाठीमागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं, कडेला. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

चिकटवण्याआधी फोटो पानांवर नुसते मांडून ठेवा आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला दाखवा. ते नावं दुरुस्त करतील, एखादा फोटो उचलून पाकिटातला दुसरा मागतील. ज्यांच्यासाठी अल्बम करताय त्यांनी मागितलेला फोटो समासाचं गणित बिघडवत असला तरी लावा, आणि बाकीचे सरकवा.