संचालकाला हटवायचं कुणी? एका प्रश्नावर पाच देशांचा कंपनी कायदा वाचण्याचा अनुभव

कॉर्पोरेट गव्हर्नन्सचा (कंपन्यांचा कारभार कुणी, कुणाच्या देखरेखीखाली चालवायचा, याचा) आंतरराष्ट्रीय अभ्यास मी संहितांपासून, म्हणजे कंपन्यांसाठीच्या मार्गदर्शक नियमांपासून, सुरू केला आणि तिथेच अडकलो. ओईसीडी या विकसित देशांच्या आर्थिक संघटनेची तत्त्वं (१९९९ची, नंतर २००४, २०१५ आणि २०२३ मध्ये सुधारलेली), ब्रिटनची संहिता, जपानची २०१५ची संहिता, सगळीकडे शब्द तेच: पारदर्शकता, उत्तरदायित्व, स्वतंत्र संचालक. देश एकमेकांपासून वेगळे कुठे होतात, ते त्यातून उमगत नाही. म्हणून संहिता बाजूला ठेवल्या आणि एकच प्रश्न घेऊन मूळ कायदे उघडले: संचालकाला मुदतीआधी कोण हटवू शकतं, किती मतांनी, आणि कारण द्यावं लागतं का? कंपनीची खरी सूत्रं कुणाच्या हाती आहेत, हे या प्रश्नाच्या उत्तरात जितकं उघड होतं तितकं दुसरीकडे क्वचितच होतं.

सुरुवात ब्रिटनपासून केलेली बरी, कारण भारताच्या तरतुदीचं मूळ तिथे आहे. २००६च्या कंपनी कायद्याचं कलम १६८ सांगतं, साधा ठराव पुरे. पडलेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त मतं, कारण द्यायची गरज नाही. विशेष सूचना मात्र सभेच्या किमान २८ दिवस आधी कंपनीकडे पोचली पाहिजे आणि संचालकाला आपली बाजू मांडू दिली पाहिजे. इथे थांबलं तर भागधारकच सर्वेसर्वा वाटतात. पण ‘बुशेल विरुद्ध फेथ’ हा १९७०चा निकाल वाचलाच पाहिजे. एक भाऊ, दोन बहिणी, प्रत्येकाचे १०० शेअर. नियमावलीत लिहिलेलं की ज्या संचालकाला हटवायचा ठराव असेल त्याच्या प्रत्येक शेअरला तीन मतं. बहिणींची २००, भावाची ३००. हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं ब्रिटनचं सर्वोच्च अपील न्यायालय) ही तरतूद वैध ठरवली. तेव्हापासून मी कुठल्याही देशाचं कलम वाचलं की लगेच पुढचा प्रश्न विचारतो: कंपनीच्या नियमावलीला यात बदल करता येतो का?

अमेरिकेत कंपनी कायदा राज्यागणिक वेगळा, म्हणून बड्या कंपन्यांची नोंदणी जिथे होते त्या डेलावेअर राज्याच्या कायद्यातलं कलम १४१ चं पोटकलम ‘के’ पाहायचं. कारणासह किंवा कारणाविना हटवता येतं, पण मोजणी पडलेल्या मतांची नाही, मतदानाचा हक्क असलेल्या एकूण शेअरांची. हा फरक पहिल्या वाचनात हमखास निसटतो. आणि मंडळ गटांमध्ये विभागलेलं असेल, म्हणजे दरवर्षी एकाच गटाची निवडणूक होत असेल, तर सनदेत (कंपनीच्या स्थापनेच्या दस्तऐवजात) वेगळं लिहिलेलं नसल्यास सबळ कारणाशिवाय कुणालाही काढता येत नाही. तीन गट असतील तर विरोधकांना बहुमत मिळवायला दोन वार्षिक निवडणुका लागतात.

जर्मनीला सगळ्यात जास्त वेळ द्या. तिथे दोन मंडळं आहेत: कारभार पाहणारं ‘फोरश्टांट’ आणि देखरेख करणारं ‘आउफझिश्ट्सराट’. दोन्हींना ‘बोर्ड’ म्हटलं की तुलना तिथेच फसते. भागधारकांची सभा फोरश्टांटच्या सदस्याला थेट हटवूच शकत नाही. ते काम देखरेख मंडळाचं, तेही महत्त्वाचं कारण असेल तरच. भागधारकांनी अविश्वास दाखवला तर ते असं कारण ठरतं, पण तो अविश्वास उघडपणे मनमानी नसावा. भागधारकांनी निवडलेल्या देखरेख मंडळाच्या सदस्याला काढायला पडलेल्या मतांच्या तीन चतुर्थांश मतं लागतात. शिवाय २,००० पेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत देखरेख मंडळाच्या निम्म्या जागा कर्मचाऱ्यांच्या (५०० पेक्षा जास्त असतील तर एक तृतीयांश). कर्मचाऱ्यांच्या सहभागाच्या १९७६च्या कायद्यानुसार अशा मोठ्या कंपनीत फोरश्टांटच्या सदस्याला हटवायला पहिल्या फेरीत सदस्यांच्या दोन तृतीयांश मतांची गरज असते. ती मिळाली नाहीत तर मध्यस्थ समिती, मग साधं बहुमत, आणि तरीही बरोबरी झाली तर अध्यक्षाला दुसरं मत. म्हणून ‘कर्मचाऱ्यांच्या हाती निम्मी सत्ता’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहू नका. शेवटचं मत सहसा भागधारकांच्या बाजूच्या अध्यक्षाकडे असतं.

एक व्यावहारिक अडचण इथेच येते. फोरश्टांटच्या सदस्याला हटवण्याची तरतूद पूर्वी जर्मन शेअर कंपनी कायद्याच्या कलम ८४ च्या तिसऱ्या परिच्छेदात होती. २०२१च्या दुरुस्तीने मध्ये नवा परिच्छेद घातला आणि ती चौथ्यावर गेली. जुनी पुस्तकं आणि जुनी इंग्रजी भाषांतरं तिसराच परिच्छेद सांगतात. सरकारी संकेतस्थळावरचं इंग्रजी भाषांतरही अधिकृत नसतं, त्यामुळे कलमाचा क्रमांक नेहमी जर्मन पाठाशी ताडून घ्यायचा. देशवार नोंदींसाठी केलेल्या माझ्या तक्त्यात ‘कोणत्या तारखेचा पाठ वाचला’ असा वेगळा रकाना आहे, तो याचसाठी.

जपानच्या कंपनी कायद्याचं कलम ३३९ दिसायला ब्रिटनसारखं: सभेचा ठराव, केव्हाही. पण न्याय्य कारण नसेल तर हटवलेला संचालक नुकसानभरपाई मागू शकतो. प्रातिनिधिक संचालकाचं (कंपनीच्या वतीने व्यवहार करणाऱ्या संचालकाचं) पद मात्र संचालक मंडळच काढून घेतं, सभा नाही. प्रमुखपद एक आणि संचालकपद दुसरं, ही खूणगाठ बांधून ठेवली की भारताचा भाग सोपा जातो.

भारतात २०१३च्या कायद्याचं कलम १६९: साधा ठराव, विशेष सूचना, बाजू मांडायची संधी. दुसऱ्या कार्यकाळातल्या स्वतंत्र संचालकासाठी विशेष ठराव (तीन चतुर्थांश मतांचा) लागतो. हे सगळं टाटा सन्सच्या प्रकरणावर लावून पाहावं. सायरस मिस्त्री यांचं अध्यक्षपद २४ ऑक्टोबर २०१६ रोजी मुंबईत संचालक मंडळाने काढलं. संचालकपद गेलं ते फेब्रुवारी २०१७ मधल्या भागधारकांच्या सभेत. दोन पदं, दोन वेगळे निर्णयकर्ते. कंपनीत आपली दडपणूक होते, अशी दाद मागताना मिस्त्री गटाला अडचण निराळीच आली. कलम २४४ प्रमाणे निर्गमित भागभांडवलाचा दहावा हिस्सा लागतो. मिस्त्री गटाकडे समभागांपैकी १८ टक्क्यांहून जास्त होते, पण प्रेफरन्स शेअर (लाभांशात अग्रक्रम असलेले वेगळे शेअर) धरले की तो आकडा १० टक्क्यांच्या खाली जात होता, म्हणून सवलत मागावी लागली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २६ मार्च २०२१चा, टाटांच्या बाजूने. लांबलचक आहे, पण दडपणुकीविरुद्ध दाद देणारी कलमं २४१ आणि २४२ समोर ठेवून वाचला तर हटवणं आणि दडपणूक या दोन गोष्टी कायदा वेगळ्या का मानतो ते कळतं.

आयत्या निर्देशांकांवर विसंबू नये, असं मी का म्हणतो तेही सांगतो. भागधारकांच्या हक्कांचा देशवार निर्देशांक अर्थशास्त्रज्ञ ला पोर्टा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडला. त्यावर पुढे असंख्य निबंध उभे राहिले. कायद्याचे अभ्यासक होल्गर श्पामान यांनी मूळ कायदे पुन्हा तपासून २०१० मध्ये दाखवलं की ४६ पैकी ३३ देशांचे आकडे दुरुस्त करावे लागतात. कलम स्वतः उघडून पाहायला एका देशामागे साधारण आठवडा जातो. तो द्यावा.