अण्णांच्या मनगटातली थरथर

आज दुपारी अण्णांना मुंबई नाक्याजवळच्या दवाखान्यातून सिडकोला घरी आणलं. डाव्या मनगटावर फिस्टुलाचं ऑपरेशन झालं. तिथली धमनी शेजारच्या शिरेला जोडतात. धमनीतल्या जोराच्या रक्ताने शीर हळूहळू फुगते, जाड होते आणि मग डायलिसिसच्या मोठ्या सुया पेलते. पण त्याला दीड-दोन महिने लागतात, कधी जास्तही. तोवर मानेतला कॅथेटर आहेच. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस त्यातूनच. त्या नळीची मला रोज धास्ती वाटते, कारण तिथून जंतू थेट रक्तात शिरू शकतात.

शिरा फारच बारीक असत्या तर कृत्रिम नळीचा ग्राफ्ट टाकावा लागला असता. तो दोन-तीन आठवड्यांत वापरता येतो, पण त्यात गुठळ्या लवकर होतात.

रुखरुख एकच. किडनी उतरणीला लागलीय हे वर्षभर माहीत होतं. तेव्हाच कुणी फिस्टुलाचं सांगितलं असतं, तर मानेतली नळी टळली असती. वर सुयांनी शिरा खराब होतात, तरी दर तपासणीला रक्त याच हातातून काढलं! घरी कुणाचं क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात साठणारा घटक) वाढत असेल तर डॉक्टरांना आत्ताच विचारा, आणि ज्या हातात फिस्टुला होणार तो सुयांपासून जपा.

रात्री अण्णांनी माझं बोट पट्टीच्या कडेला टेकवलं. मांजर गुरगुरावं तशी थरथर, म्हणजे जोडातून रक्त वाहतंय.

"चालू आहे ना रे?"

चालू आहे, अण्णा. आता या हाताला बीपीचा पट्टा नाही, घड्याळ नाही. आईने रामकुंडावरून आणलेला दोराही उजव्या मनगटात बांधला.