मूल लहान आहे म्हणून पिस्तूल लहान नको

“मुलाला शूटिंग शिकवायचंय, .२२चं (०.२२ इंच गोळीचं) कोणतं पिस्तूल घेऊ?” मनू भाकरनं २०२४ मध्ये पॅरिसला दोन ब्राँझ मिळवली आणि इंदुरातल्या आईबाबांचा हा प्रश्न वाढला. त्याला जोडून पुढचं वाक्य ठरलेलं असतं: “पोरगं लहान आहे हो, छोटंसंच सांगा.” खरा घोळ या दुसऱ्या वाक्यात आहे.

आखूड नळीचं पिस्तूल हातात सोपं वाटतं, पण नेमाला तेच सगळ्यांत अवघड. नेम धरायची पुढची माशी (नळीच्या टोकावरचा उंचवटा) आणि मागची खाच यांच्यातलं अंतर जितकं कमी, तितकी हाताची चूक लक्ष्यावर मोठी होऊन उमटते. हिशोब साधा आहे. मॅचच्या .२२ पिस्तुलात हे अंतर साधारण २२० मि.मी. असतं. माशी खाचेत १ मि.मी. सरकली तर २५ मीटरवर गोळी जवळपास ११४ मि.मी. बाजूला जाते, म्हणजे प्रिसिजन टार्गेटवर ६ गुणांच्या वर्तुळात. खिशात मावणाऱ्या पिस्तुलात अंतर १०० मि.मी. धरा, तीच १ मि.मी.ची चूक २५० मि.मी. होते आणि गोळी टार्गेटच्या शेवटच्या वर्तुळाच्या काठावर. मुलाला वाटतं आपल्याला जमतच नाही. चूक त्याच्या हाती दिलेल्या वस्तूची असते.

आता उत्तराचा पहिला भाग, जो कुणाला आवडत नाही: पहिलं पिस्तूल .२२चं घेऊच नका. १० मीटरचं एअर पिस्तूल घ्या. कारण फक्त खर्च नाही. .१७७ बोअर (नळीचा आतला व्यास, इंचांत) आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर वेपनला परवाना लागत नाही. मॅचचं एअर पिस्तूल अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १५० मीटरच्या आसपास सोडतं, म्हणजे जेमतेम ६ ज्यूल. बिल मात्र पिस्तुलाच्या पेटीत कायम ठेवा, प्रवासात विचारणा होते. .२२ला आर्म्स ॲक्ट लागू होतो, २१ वर्षांखाली स्वतःच्या नावावर परवाना मिळत नाही, आणि बाबांच्या नावावर परवाना आहे म्हणून मुलानं ते शेतावर नेऊन चालवायचं, असं अजिबात नाही. लहान वयात .२२ म्हणजे मान्यताप्राप्त क्लबची रेंज, क्लबचं हत्यार आणि शेजारी उभा कोच. घरात बाबांचं संरक्षणासाठी घेतलेलं रिव्हॉल्व्हर असेल तर ते या विषयात येतच नाही.

एअर पिस्तुलात काय बघायचं? आधी वजन. पूर्ण आकाराची पिस्तुलं ९०० ग्रॅम ते १ किलोच्या दरम्यान असतात. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला ते वजन उचलता येतं, पण पेलत नाही. हात लांब करून रिकामं पिस्तूल धरायला सांगा आणि तुम्ही बाजूनं बघा, समोरून नाही. १५ सेकंदांत कंबर पुढे निघाली आणि खांदे मागे गेले तर वजन जास्त आहे. पाठीच्या कण्यानं तोल सावरायची ही सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही. स्टायर, फाइनवेर्कबाउ यांची आखूड, हलकी मॉडेलं याच वयासाठी आहेत: नळी आणि सिलिंडर छोटं, ट्रिगर आणि साइट (माशी-खाच) मोठ्या पिस्तुलासारखीच. इथे ‘छोटं’ चालतं, कारण माशी-खाचेचं अंतर बेताचंच कमी होतं आणि १० मीटरला ते निभावतं. तेही जड वाटलं तर पहिले काही महिने टेबलावर वाळूची पिशवी ठेवून मनगटाखाली टेकू द्या. यात कमीपणा काही नाही. ट्रिगर शिकायचा तर आधी हात थरथरायचा थांबला पाहिजे.

बाहेरून जुनं, एका झटक्यात हवा भरायचं सिंगल-स्ट्रोक पिस्तूल स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. ते मारतं अचूक, पण दर शॉटला दांडा ओढायला मोठ्या माणसाचा जोर लागतो. विसाव्या शॉटला मुलाचा दंड भरून येतो आणि उरलेलं सगळं सेशन वाया. भरलेल्या हवेचं, म्हणजे प्रीचार्ज्ड पिस्तूलच बरं. त्याच्या सिलिंडरवर छापलेली तारीख आधी वाचा. सिलिंडरचं आयुष्य साधारण १० वर्षांचं, आणि सेकंडहँडमध्ये नेमकं तेच संपत आलेलं असतं. भरायचा दाब २०० बार. गाडीच्या पंक्चरवाल्याकडे हे काम होत नाही हे लिहावं लागतंय, कारण लोक खरंच विचारतात.

ग्रिप हा सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा, आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्ष त्याकडेच होतं. लाकडी ग्रिप स्मॉल, मीडियम, लार्ज अशी येते. काही कंपन्या एक्स्ट्रा स्मॉलही देतात. डावी-उजवी वेगळी असते, ती मागाहून फिरवता येत नाही. दुकानात किंवा रेंजवर ही चाचणी करा: मुलानं पिस्तूल नीट धरावं, डोळे मिटावेत, हात खांद्याच्या उंचीला आणावा आणि मग डोळे उघडावेत. माशी खाचेच्या मधोमध, निदान जवळपास, दिसली पाहिजे. दर वेळी ती एकाच बाजूला गेलेली दिसली तर ग्रिप मुलाच्या हाताची नाही, आणि तो प्रत्येक शॉटला मनगट वळवून ती सरळ करत बसणार. दुसरी खूण बोटाची. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मऊ भाग ट्रिगरवर सरळ टेकायला हवा आणि बोटाची बाजू लाकडाला घासता कामा नये. बोट पुरत नसेल तर आधी ट्रिगर मागे घेता येतो का ते बघा. बहुतेक मॅच पिस्तुलांत ट्रिगर पुढे-मागे सरकतो. तेवढ्यानं भागलं नाही तर ग्रिप कानशीनं घासायची, आणि पोकळ राहिलेल्या जागी इपॉक्सी पुटी भरायची. तळहाताखालची फळी हाताला टेकावी, पण आवळू नये. आवळली की करंगळीकडची बाजू बधिर होते आणि मूल सांगत नाही, फक्त शॉट खाली जाऊ लागतात. मुलाचा हात वाढतो आहे, तेव्हा वर्षभरानं हे सगळं पुन्हा. एक नवी ग्रिप लागेल हे धरूनच बजेट करा.

ट्रिगर ५०० ग्रॅमच्या खाली नको, कारण मॅचमध्ये पिस्तुलाचा ट्रिगर या वजनाला टिकतो का हे वजन टांगून तपासतात. शिकणाऱ्याला दोन टप्प्यांचा ट्रिगर द्या: पहिला टप्पा हलका, मग एक स्पष्ट अडथळा, मग सुटणं.

.२२ची वेळ कधी येते? वयावर जाऊ नका. १० मीटरवर ४० शॉट संपेपर्यंत मूल त्याच पद्धतीनं उभं राहतं, शॉट सुटल्यावरही हात खाली न टाकता एक-दोन सेकंद माशीकडे बघत राहतं, आणि न सांगता नळी कायम टार्गेटकडे ठेवतं. हे तिन्ही जमलं की कोचशी बोला. २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल ही मुलींसाठी सरळ पुढची पायरी आहे. नेमबाज राही सरनोबत याच प्रकारातली. मुलांचा रॅपिड फायर, म्हणजे झटपट शॉट मारायचा प्रकार, तोही .२२चाच. आपल्या शेजारच्या महूला लष्कराचं मार्क्समनशिप युनिट आहे. तिथले विजय कुमार २०१२ मध्ये लंडनहून रौप्य घेऊन आले ते याच रॅपिड फायरमध्ये.

इथे निवड बरीच सोपी आहे: पार्दिनी एसपी किंवा वॉल्थर, मोरिनी यांच्या मॅचच्या पिस्तुलांपैकी क्लबकडे जे असेल त्यावर शिका. वजन किलोच्या वर जातं, पण तोवर हात तयार झालेला असतो आणि ते वजन धक्का खातं. ट्रिगर १००० ग्रॅमचा. रिव्हॉल्व्हर शिकायला नको. डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे एकाच ओढीत हॅमर मागे जाऊन सुटतो त्यात, ट्रिगर ओढायला इतका जोर लागतो की मूल पूर्ण मूठ आवळतं, आणि नेम जातो.

सेमी-ऑटोमध्ये, म्हणजे शॉटनंतर पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात, एक गोष्ट हमखास बिघडते. मनगट ढिलं असलं की पिस्तूलच मागे जातं, बोल्टला (मागे-पुढे सरकणाऱ्या भागाला) मागे यायला आधार मिळत नाही आणि काडतुसाचं रिकामं केस (कवच) अर्धवट बाहेर येऊन उभं अडकतं. लोक लगेच पिस्तुलाला नाहीतर काडतुसाला दोष देतात. आधी मनगट बघा. आणि सुरुवातीला मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरा, पाच नाही. पहिल्या शॉटच्या धक्क्यानं मूल दचकतं, वळून कोचकडे बघतं, त्याच्यासोबत नळीही वळते. त्या क्षणी आत दुसरं काडतूस नसलेलं बरं.

काडतूस स्टँडर्ड व्हेलॉसिटीचं घ्या, ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) शिशाची गोळी. हाय व्हेलॉसिटीनं मॅच पिस्तुलाचा बोल्ट उगाच मार खातो. ट्रिगर दाबूनही शॉट उडाला नाही तर नळी टार्गेटकडे ठेवून ३० सेकंद थांबा, मगच उघडा. आवाज ‘फुस्स’ झाला तर त्याहून मोठा धोका: गोळी नळीत अडकलेली असू शकते, पुढचा शॉट बंद, हत्यार रिकामं करून नळी तपासा.

घरी ड्राय फायर, म्हणजे काही न भरता नुसता ट्रिगर दाबायचा सराव, करायचा तो एअर पिस्तुलावर, त्यात तशी सोय असते. .२२मध्ये पिन काडतुसाच्या कडेवर आपटते. चेंबर (काडतूस बसायची जागा) रिकामं असलं की ती थेट चेंबरच्या ओठाला लागते. तिथे बारीक खळगा पडतो, धातू आत दबतो, आणि मग केस निघता निघत नाही. म्हणून पिस्तुलाला ड्राय फायरची वेगळी सोय नसेल तर स्नॅप कॅप (खोटं काडतूस) वापरा.

.२२चा आवाज मोठ्यांना किरकोळ वाटतो, पण पिस्तुलाच्या आखूड नळीतून तो १४० डेसिबलच्या वर जातो. मुलाला आत प्लग आणि वर इअरमफ, दोन्ही. मोठ्यांचे मफ लहान डोक्यावर कानामागे फट ठेवतात, ती बोटानं चाचपून बघा. काडतुसाच्या प्रायमरमध्येही शिसं असतं, छर्ऱ्यात तर असतंच. त्यामुळे सकाळच्या प्रॅक्टिसनंतर पोहे-जिलेबी जरूर, पण आधी साबणानं गार पाण्यात हात, मग तोंड. रेंजचा टी-शर्ट वेगळा धुवा.

जुलै-ऑगस्टमध्ये पिस्तूल फोमच्या पेटीत बंद ठेवू नका. फोम दमट हवा धरून ठेवतो आणि बोल्टवर चार दिवसांत तांबूस ठिपके दिसतात. कोरड्या कापडानं पुसा, बाहेरून तेलाचा हलका हात, पेटीत सिलिका जेल. नळी रोज घासायची गरज नाही. शिशाच्या गोळीचं मेण आत थोडं राहिलेलं बरंच असतं. चेंबर मात्र दर वेळी पुसा.