किंकाळीच्या आधीचं दृश्य

एकटी आई आणि तिचं ऑटिस्टिक मूल, या विषयावरच्या चित्रपटात एक प्रसंग हमखास येतो. भर बाजारात मूल किंचाळतं, लोक बघत राहतात, आई त्याला छातीशी कवटाळते, व्हायोलिन वाजतं, मूल शांत होतं. हा प्रसंग चुकला की सगळा चित्रपट खोटा वाटतो.

मुलाच्या या कोसळण्याला मेल्टडाउन म्हणतात. मेल्टडाउन म्हणजे हट्ट नव्हे. हट्टी मूल मधूनमधून आईकडे बघतं, हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाउनमध्ये मुलाला काहीच मिळवायचं नसतं. आवाज, उजेड, स्पर्श, ऐनवेळचा बदल, हे सारं त्याला पेलवेनासं झालेलं असतं आणि ते सकाळपासून साठत आलेलं असतं. म्हणून पटकथेत किंकाळीच्या आधी तीन-चार गोष्टी पेरायलाच हव्यात: कॉलरचं टोचणारं लेबल, शेजारच्या घरातलं ड्रिल, नेहमीचा रस्ता बंद असल्यानं दुसरीकडून वळलेली रिक्षा, गल्लीतला ढोल-ताशाचा सराव. प्रत्येक वेळी मुलात थोडा फरक दिसू दे. हात जास्त फडफडतात, एकच वाक्य पुन्हापुन्हा येतं, कानांवर हात जातात.

आता आई. ती ‘शांत हो, शांत हो’ म्हणत सुटली, तर तो आणखी एक आवाज झाला. अनुभवी आई बोलणं जवळजवळ थांबवते. मुलाच्या डोक्याला लागेल असं काही असेल तर बाजूला करते, खाली ओढणी सरकवते, गर्दी आणि मूल यांच्या मध्ये बसते आणि वाट पाहते. मिठीचं मात्र जपून. काही मुलांना घट्ट दाब बरा वाटतो, काहींना त्या क्षणी बोटही सहन होत नाही. आपलं मूल कुठल्या प्रकारचं, हे आधीच्या एखाद्या साध्या प्रसंगात दाखवून ठेवा.

आणि तिचं एकटेपण इथेच दिसतं, रडण्यात नाही. भाजीची पिशवी सांडलीय, पर्स उघडी आहे, रिक्षा बोलवायची तर मुलाला सोडून जाता येत नाही. दुसरी हातांची जोडीच नाही. संवादाची गरज नाही.

ध्वनीची नेहमीची चूक म्हणजे सगळाच आवाज मोठा करणं. त्यापेक्षा सगळे आवाज एकाच पातळीवर आणा: ट्यूबलाइटची गुणगुण, वजनकाट्याची खणखण आणि आईचा शब्द, सारखेच जवळ.

बालकलाकारांसाठी 2017 च्या नियमांनुसार दिवसाला जास्तीत जास्त 5 तास काम, सलग 3 तासांपेक्षा जास्त नाही. तेव्हा हा प्रसंग तुकड्यांतच चित्रित करा. भूमिका करणारं मूल स्वतःच ऑटिस्टिक असेल तर आधी रिकाम्या जागेवर तालीम घ्या, जनरेटर दूर ठेवा. शॉटसाठी खरा मेल्टडाउन घडवून आणणं ही क्रूरताच आहे.

शेवटचा कट घाईनं नको. मूल थकून झोपतं, हातगाड्या आवरल्या जातात, आणि आई अजून तिथेच, मांडीला मुंग्या आलेल्या तरी न हलता.