मांजरेकाठचा मे महिना

मांजरा खोऱ्यातल्या पिकापाण्याचा नकाशा करायला कुठल्या महिन्याचं उपग्रहचित्र घेऊ, असं विद्यार्थी विचारतात. माझं उत्तर ठरलेलं: मे. सोयाबीन रानात जोमात असतं तेव्हा वर ढग. मेमध्ये आभाळ मोकळं, तूर-ज्वारी कधीच निघालेली, रानं नांगरून पडलेली. त्यात हिरवं उरतं ते बहुतेक ऊस.

बहुतेकच, कारण ओढ्याच्या कडेची वेडी बाभूळही तेवढीच हिरवी. एकाच तारखेच्या चित्रात ती उसात मिसळते. वर्षभराची चित्रं ओळीनं लावली की गुंता सुटतो. ऊस कारखान्याला गेला की हिरवेपणाचा आलेख धाडकन खाली येतो. बाभळीला तोडणी नाही, टोळी नाही, म्हणून तिचा आलेख असा पडत नाही.

शेततळ्यांची गंमत वेगळी. 'मागेल त्याला शेततळे' या सरकारी योजनेत 2016 ला मोठ्यात मोठं तळं 30 बाय 30 मीटर होतं, आणि लँडसॅट उपग्रहाच्या चित्राचा एक ठिपकाही (पिक्सेल) तेवढाच. पण तळं ठिपक्याच्या चौकटीत नेमकं बसेल कशाला? ते चार ठिपक्यांत विभागलं जातं आणि एकातही धड पाणी दिसत नाही. 2015 पासून सेंटिनेल-2 या उपग्रहाचा 10 मीटरचा ठिपका मिळू लागला, तेव्हा तळी दिसायला लागली. म्हणजे नव्या नकाशात वाढलेली सगळीच तळी काही नवी नाहीत.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला गाळपेरीत. मांजरेवरच्या धनेगावच्या धरणाचं पाणी हटेल तसे लोक पेरत खाली सरकतात. ही जमीन पाणी म्हणायची की शेती? मी तिचा वेगळाच वर्ग केला. मामांना कौतुकानं दाखवला, तर म्हणाले, "हे तलाठ्याला बी ठाऊक हाय की. त्यासाठी उपग्रह कशाला?"

मामांना तेव्हा 2016 चं चित्र दाखवायला हवं होतं. त्या मेमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं आणि नदीकाठचा हिरवा पट्टा जवळजवळ पुसला गेला होता. त्याच पावसाळ्यात धरण भरलं आणि पुढं ऊसही परत आला. तुलनेसाठी 2016 हे पायाभूत वर्ष धरलं तर नंतरच्या कुठल्याही बऱ्या वर्षी ऊस भरमसाट वाढलेला दिसेल. म्हणून मी आता आधी धरणातला साठा बघते, जवळपास सारख्या साठ्याची दोन वर्षं निवडते आणि मगच चित्रं उतरवून घेते.